गोव्यात राहून सिनेमाच्या साऊंडमध्ये कसं शिरायचं

आधी एक काम करा. आज रात्री जेवणं झाली की मोबाईल आत ठेवा आणि वही-पेन घेऊन बाल्कांवात, सोप्यावर, जिथे जागा असेल तिथे दहा मिनिटं बसा. जे ऐकू येईल ते लिहा. पहिल्या दोन मिनिटांत कुत्रा, पंखा, स्कूटर लिहून होतं आणि पेन थांबतं, पण उठू नका, खरं ऐकणं तिथून पुढे सुरू होतं. शेजाऱ्यांच्या नळाची टिपटिप येते, लांब चढावर गिअर बदलणारा ट्रक येतो, माडाच्या झावळ्यांतला वारा येतो आणि तो आंब्याच्या पानांतल्या वाऱ्यापेक्षा किती सुका आहे ते कळतं. जवळचे, मधले, लांबचे असे तीन रकाने करा. साऊंड डिझायनर स्टुडिओत बसून हेच तीन थर एकेक करून सीनमध्ये भरत असतो. महिनाभर रोज करा, मग मशीन घेण्याचं बघू.

मशीन साधंच घ्या. हातातला रेकॉर्डर, चांगला बंद हेडफोन आणि माईकला केसाळ विंडशील्ड, कारण आपल्याकडे समुद्राचा वारा थांबत नाही आणि वारा शिरला की ती फाईल गेलीच समजा. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज मीटरवर मायनस बारा डेसिबलच्या आसपास जाईल. आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला तोंडाने बोलून ठेवा, "वाळपई, रात्री अकरा, कौलांवर पाऊस, वारा नाही". दोन वर्षांनी हजार फाईल साठल्यावर हेच वाक्य कामाला येतं.

पावसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गोव्यातल्या माणसाला इथे मोठी संधी आहे. आपण ऐकतो तो आवाज पाऊस ज्याच्यावर पडतो त्याचा असतो. कौलं, पत्रा, केळीचं पान, निळी ताडपत्री, चिऱ्याचं अंगण, भरलेली विहीर, सगळे वेगळे. सिनेमात म्हातारी घरात एकटी बसलीय आणि बाहेर पाऊस आहे तर पत्र्याचा पाऊस लावला की घर गरीब होतं, कौलांचा लावला की जुनं होतं, आणि नुसत्या पागोळ्यांचा लावला की पाऊस थांबून गेलाय आणि ती अजून तशीच बसलीय हे काही न बोलता कळतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे सगळं दारात फुकट आहे, ते गोळा करा. माईकच्या वर वीतभर अंतरावर काथ्याचं जाड पायपुसणं ताणून धरलं की थेंब फुटून झिरपतात आणि टपटप रेकॉर्ड होत नाही. दमटपणाने माईक कडकड करायला लागतो म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि एसीतून बाहेर काढल्यावर लगेच चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

पावसाळा संपला की बाकीचं आहेच. पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा, ओहोटीला मानशीतून म्हणजे खाडीच्या बांधावरच्या दारातून सुटणारं पाणी, चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प धक्क्याला घासतो तो लोखंडी आवाज, शिगम्यात लांबून येणारे ढोल, घुमट. देवळात किंवा कुणाच्या अंगणात रेकॉर्ड करताना आधी विचारा, लोक आनंदाने हो म्हणतात.

आता काम. सुरुवात बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, धरण्यापासून करा. 2001 सालच्या 'लगान'मध्ये साऊंड रेकॉर्डिस्ट नकुल कामतेंनी सेटवरच संवाद रेकॉर्ड केले, त्यानंतर हिंदीत असं सिंक साऊंड वाढत गेलं. गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटला इथली जागा माहीत असलेला असिस्टंट हवाच असतो. लाईन प्रोड्यूसरांना, म्हणजे शूटिंगची इथली व्यवस्था बघणाऱ्यांना भेटा, बूम धरतो म्हणा, केबल गुंडाळतो म्हणा. तिथे सगळ्यात उपयोगी पडाल ते रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला जातात तेव्हा. कॅमेरावाले घर बघून खूश होतात, तुम्ही ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जाऊन ऐका. दाबोळीच्या आसपास विमानं होतीच, आता जानेवारी 2023 पासून मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यातही आभाळाकडे कान ठेवावा लागतो.

आणि फ्रीज. माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मला एका जुन्या घरात आम्ही घरघर नको म्हणून फ्रीज बंद केला आणि पॅकअपनंतर तसाच सोडून आलो. घरातल्या काकींचे आठवड्याचे मासे खराब झाले, त्या एक शब्द बोलल्या नाहीत पण मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून फ्रीज बंद केला की गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवतो, चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. दुसरी सवय म्हणजे रूम टोन. सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. युनिट कंटाळतं, तरी करा. एडिटला दोन वाक्यांमधली भेग त्यानेच बुजते.

एडिटिंग घरी रीपर या सॉफ्टवेअरवर शिका, साठ दिवसांची ट्रायल मिळते, नंतरचं लायसन्सही स्वस्त आहे, मोठ्या स्टुडिओत मात्र प्रो टूल्स लागतं म्हणून पुढे तेही शिका. फोलीसाठी, म्हणजे पावलं, वस्तू यांचे आवाज नंतर स्वतः करून रेकॉर्ड करायला, जुन्या चपला, कुरकुरणारी खुर्ची, लाल मातीचा एक ट्रे. हाड मोडायचं तर शेवग्याची शेंग मोडा. घोड्याला करवंटी अजूनही चालते.

शिकायला पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे तीन वर्षांचा साऊंडचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. 2009 चं ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी एफटीआयआयचेच. जमलं तर जरूर जा. नाही जमलं तर 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्या पणजीत भरतोय, नोव्हेंबरात डेलिगेट पास काढा आणि दिवसाला एक सिनेमा नुसता कानांनी बघा.

पैशांचं सुरुवातीलाच बोला, ओळखीच्यांशी तर आधी. किती दिवस, ॲडव्हान्स किती, किती वेळा बदल करून देणार, आणि डायलॉग, म्युझिक, इफेक्ट वेगळे करून द्यायचे का, कारण पुढे दुसऱ्या भाषेत डब करायचं झालं तर ते लागतात आणि त्याला वेगळा वेळ जातो. आणि टायटलमध्ये नाव कुठल्या कामाखाली येणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या, स्पेलिंगसकट.