गळाला झटका नाही, आता काय करायचं?

अलिबाग-मुरूडकडच्या समुद्रात चार-पाच मित्र होडीतून गळ टाकून बसले आणि दोन तासांत कुणाच्याच दोरीला झटका आला नाही, की पहिला दोष आमिषाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. एक तर पाण्याला ओढ (प्रवाह) नसते, नाहीतर होडी जागेवर नसते, नाहीतर दोरीचं शिसं (वजन) तळाला टेकलेलंच नसतं. म्हणून आमिषाचा डबा उघडण्याआधी या तीन गोष्टी बघा.

भरतीची वेळ काढायचा ढोबळ हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मुंबई-रायगडकडे हा हिशेब थोडाफार इकडेतिकडे होऊन जमतो. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा लवकर येते, तिथे भरती-ओहोटीचा तक्ताच बघावा. भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी संपताना पाणी काही वेळ थांबतं, तेव्हा मासाही थंड असतो. हा वेळ डबा खायला वापरा, गळ बदलण्यात घालवू नका. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. त्या दिवसांत ओढ दिवसभर मंद राहते, मासा वास घेत आमिषापर्यंत येत नाही. अशा दिवशी नांगर उचलून होडी वाऱ्यावर हळूहळू सरकू द्यावी, म्हणजे आमिषच माशाकडे जातं. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात उलट त्रास: ओढ इतकी की शिसं उचललं जातं, शिवाय पाणी गढूळ.

सगळ्यात जास्त फसवणूक नांगर करतो. आठ वाव पाण्यात, म्हणजे साधारण १५ मीटर खोलीवर, दोर निदान तिप्पट सोडावा लागतो, म्हणजे चोवीस वाव. त्यामुळे होडी नांगरापासून वीस-बावीस वाव मागे जाऊन थांबते. खडकाच्या डोक्यावर नांगर टाकला तर गळ खडकाच्या बराच मागे, नुसत्या चिखलात पडतात. नांगर तेवढा ओढीच्या वरच्या अंगाला टाकायला हवा. आणि पाणी फिरलं (भरतीची ओहोटी किंवा उलट झालं) की होडी नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते, आधीच्या जागेपासून जवळपास ८० मीटर लांब! सकाळी लागणारे मासे पाणी फिरल्यावर अचानक बंद होतात, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणांच्या जोड्या धरून ठेवा, उदाहरणार्थ देवळाच्या कळसामागे डोंगराचं टोक. दोन्ही जोड्या जुळल्या की जागा तीच. तांडेल (होडीचा प्रमुख) हे नजरेनेच करतो, त्याला विचारायला लाजू नये.

मग शिसं. दोरी सोडताना ती एकदम सैल पडली पाहिजे, तोच तळ. सैल पडतच नसेल तर वजन वाढवा: साध्या ओढीत ६० ते १०० ग्रॅम, उधाणात १५० ते २००. शिसं सर्वांत खाली, त्याच्या वर एक वीत आणि दोन हात अंतरावर दोन गळ, ही बांधणी तळाच्या माशाला पुरते. सगळ्यांनी एकसारखं शिसं लावलं की दोऱ्या गुंततात. नांगरावर होडीची नाळ (पुढचं टोक) ओढीकडे तोंड करून असते, म्हणून नाळेवर बसणाऱ्याने सर्वांत जड शिसं लावावं आणि सुकाणूकडे बसणाऱ्याने हलकं. मग पुढची दोरी सरळ खाली जाते, मागची लांब जाते, आणि भांडणं होत नाहीत.

एवढं करूनही शांतताच असेल तर सामान बारीक करा. ०.६० मिमीच्या तंगुसाच्या (नायलॉनच्या दोरीच्या) टोकाला ०.३५ मिमीचा हातभर तुकडा, आणि १/० ऐवजी ४ नंबरचा गळ (इथे आकडा वाढला की गळ लहान होतो). आमिष दोन-तीन सेंटिमीटरचं: सोललेली कोळंबी किंवा माकुळाची (स्क्विडची) पट्टी. माकूळ चिवट, बारीक मासे कुरतडले तरी टिकतो. कोळंबी दर दहा-पंधरा मिनिटांनी तपासावीच लागते. रिकामा गळ घेऊन तासभर बसणारा मित्र प्रत्येक होडीत असतो. तांबोशी नाही मिळाली तरी अशा गळाला राणी मासा किंवा ढोमा लागतो.

वास पसरवायला किलोभर तारल्या ठेचा, त्यात दोन ओंजळी वाळू मिसळा, कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरा, दगड घाला आणि नांगराच्या दोराला तळाजवळ बांधून सोडा. नुसती तारली वर तरंगत निघून जाते. यानंतर चाळीस मिनिटं वाट बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. तरीही काही नाही? जागा सोडा.

मंद दिवशी शेंगाळा (कॅटफिश) मात्र हमखास येतो. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. पक्कडीनेच गळ काढा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवा आणि नंतर डॉक्टरकडे जा. त्यासाठी चहाखेरीज एक थर्मास साध्या गरम पाण्याचा ठेवा. केंड (फुगणारा पफर मासा) आला तर परत सोडून द्या, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

दोन-चारच बांगडे मिळाले म्हणून ते उन्हात फळीवर ठेवू नका. बांगडा तापला की खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते, चेहरा लाल होतो. माशाइतकाच बर्फ आणि थोडं समुद्राचं पाणी एका डब्यात घेऊन त्यात बुडवा. फेब्रुवारी ते मेमध्ये दुपारी वायव्येचा वारा चढतो, तेव्हा पाटी रिकामी असली तरी बाराच्या आत होडी वळवा.