सोलापुरात बांधकाम करताना काँक्रीट कोठे आणि कंपोझिट कोठे वापरावे

घराचे किंवा दुकानगाळ्याचे काम काढले की एकीकडे ठेकेदार सगळे काही काँक्रीटमध्येच ओतू म्हणतो आणि दुसरीकडे साच्यातून काढलेल्या तयार कंपोझिट वस्तूंचा विक्रेता वजन निम्म्याहून कमी आणि काम झटपट अशी हमी देतो. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. म्हणून ही निवड संपूर्ण इमारतीसाठी एकदम करू नये. इमारतीच्या एकेका भागासाठी करावी.

विक्रेता ‘कंपोझिट’ म्हणून नेमके काय देतो आहे, हे आधी विचारून घ्यावे. या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. सिमेंट, बारीक वाळू आणि काचतंतू यांचे जीआरसी. पॉलिस्टरसारख्या रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, काचतंतू बसवून केलेले एफआरपी. आणि पोलादी तंतू मिसळलेले काँक्रीट, ज्याची चेंबरची झाकणे आपण रोज पाहतो. तिन्हींचे गुणधर्म वेगळे असल्यामुळे एकाच्या जाहिरातीवरून दुसऱ्याची खरेदी करू नये.

पायरी १ : भार कोण पेलणार, ते ठरवावे

नकाशा समोर ठेवून भागांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे तो इमारतीचा भार पेलतो की केवळ स्वतःचे वजन सांभाळतो, ते लिहावे. पाया, कॉलम, बीम, स्लॅब, जिना आणि पाण्याच्या टाकीचा आधार यांसाठी लोखंडी सळईचे काँक्रीटच घ्यावे. सोलापूर परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडेच सोपवावा. जाळी, कंगोरे, नक्षीदार ब्रॅकेट, खोटे खांब, घुमट, झाडांच्या कुंड्या हे सारे दुसऱ्या रकान्यात येते आणि कंपोझिटचा विचार तेथेच करावा.

अलीकडे लोखंडाऐवजी काचतंतूंची सळई घेण्याचा आग्रह होतो. ती गंजत नाही आणि वजनाला लोखंडाच्या सुमारे पावपट असते, हे खरे आहे. मात्र तिचा ताठपणाही लोखंडाच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच असतो, ती साइटवर वाकवता येत नाही आणि तुटण्यापूर्वी लोखंडासारखी ताणली जाऊन इशारा देत नाही. तेव्हा १२ मिलिमीटर लोखंडाच्या जागी तेवढ्याच जाडीची फायबर सळई घाला, असा सल्ला कोणी दिला तर त्या सळईसाठी वेगळे डिझाइन केलेले आहे का, हे विचारावे आणि ते नसेल तर विषय तेथेच थांबवावा.

पायरी २ : वजन आणि नगांची संख्या मोजावी

एक मीटर लांब, एक मीटर उंच आणि ७५ मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा कठडा सुमारे १८० किलो भरतो. त्याच मापाच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या जीआरसी पत्र्याचे वजन, मागच्या पट्ट्या सोडल्यास, २५ किलोच्या आसपास येते. जुन्या घराच्या पुढे आलेल्या गॅलरीला दर्शनी नक्षी बसवायची असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. मात्र जीआरसीचा पातळ पत्रा हा शोभेचा भाग आहे. माणूस रेलणार असेल तेथे आत लोखंडी कठडा हवाच.

साचा महाग असतो. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीसारखी नक्षी आपल्याही दर्शनी भागावर हवी, असे म्हणणारे मालक भेटतात; ती नक्षी चाळीस ठिकाणी येणार असेल तर साच्याचा खर्च नगांवर विभागला जातो, दोनच ठिकाणी असेल तर कुशल गवंड्याकडून गिलाव्यात करून घेणे परवडते. तुलना करताना निव्वळ वस्तूचा दर धरू नये. एका बाजूला सेंट्रिंग, मजुरी आणि पाणी, तर दुसऱ्या बाजूला वाहतूक, फूटतूट, बोल्ट आणि बसवणावळ मिळवून जागेवरचा दर काढावा.

पायरी ३ : ऊन, पाणी आणि आग यांचा विचार करावा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा कोरड्या उष्ण हवेत काँक्रीटवर किमान १० दिवस आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट असल्यास १४ दिवस पाणी मारावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. ओतकाम पहाटे किंवा संध्याकाळी करावे, स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवावे आणि कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी बोअरचे असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. इतके पाणी आणि इतके दिवस लक्ष देणे शक्य नसेल तर शोभेच्या पातळ भागांसाठी कारखान्यात तयार झालेली वस्तू निश्चितच बरी.

एफआरपीची अडचण वेगळी आहे. वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा संरक्षक थर, निकृष्ट असेल तर उन्हाने रंग उडतो, पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो आणि पुढे तंतू उघडे पडतात. शिवाय ते काँक्रीटच्या दुप्पट-अडीचपट प्रसरण पावते. तीन मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. त्यामुळे बोल्टची छिद्रे लांबट ठेवावीत आणि सांध्यात लवचीक सीलंट भरावे. साधे पॉलिस्टर रेझिन जळते व दाट धूर करते, म्हणून जिन्याच्या वाटेत आणि स्वयंपाकघराजवळ एफआरपी टाळावे.

पायरी ४ : माल हातात घेऊन पाहावा

जीआरसीमध्ये काचतंतू अल्कलीरोधकच हवेत, कारण साधी काच सिमेंटमधील अल्कलीने झिजत जाते. बिलावर तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. तुकडा उलटा करून कडेची जाडी तीन-चार जागी मोजावी. नाण्याने ठोकत जावे. एखाद्या ठिकाणी आवाज पोकळ आला तर आतील थर सुटलेले असण्याची शक्यता असते, तो नग परत करावा. एफआरपीच्या मागच्या बाजूला रेझिन न मुरलेले पांढरे, कोरडे तंतू दिसले तरी तोच नियम लावावा. काँक्रीटसाठी १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी नमुने, भरून त्यांच्या ताकदीचा २८ दिवसांचा अहवाल मागावा.

चेंबरच्या झाकणावर भारक्षमतेची खूण पाहावी: केवळ माणसे चालणार असतील तर एलडी २.५, मोटार उभी राहणार असेल तर एमडी १० आणि ट्रक जाणार असेल तर एचडी २०. आकडे टनांत आहेत.

पायरी ५ : बसवणे

बोल्ट गिलाव्यात किंवा पोकळ ब्लॉकमध्ये न घेता काँक्रीटच्या पट्ट्यातच घ्यावेत, आणि ते स्टेनलेस स्टीलचे किंवा गॅल्व्हनाइज केलेले असावेत. वरचे शोभेचे तुकडे रस्त्याच्या बाजूला असतात, वाऱ्याचा मारा झेलतात आणि खाली माणसे उभी असतात. त्यामुळे या कामावर मालकाने किंवा इंजिनिअरने स्वतः उभे राहावे. खरेदीच्या वेळीच प्रत्येक नमुन्याचे दोन नग जास्त घेऊन ठेवावेत, कारण काम संपल्यावर साचा मोडीत निघतो आणि पुढच्या वेळी तीच छटा मिळेलच असे नाही.