विद्यार्थ्यांच्या संमेलनाचा इतिहास कसा लिहावा : ओसाकाच्या ‘दाइकॉन’चे उदाहरण

विद्यार्थ्यांनी भरवलेल्या संमेलनाचा इतिहास लिहिणे हे एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिण्यापेक्षा वेगळे काम आहे, कारण संस्थेला दप्तर असते आणि विद्यार्थ्यांच्या कार्यकारिणीला बहुधा ते नसते. तीन-चार वर्षांत एक पिढी पदवी घेऊन बाहेर पडते, हिशेबाच्या वह्या कोणाच्या तरी घरच्या माळ्यावर जातात आणि पुढची पिढी ‘आपल्याकडे हे असेच होत आले आहे’ एवढ्याच वारशावर कामाला लागते. विज्ञानकथा आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) यांच्या संमेलनांत ही अडचण अधिक जाणवते, कारण तिथे घडणारे पुष्कळसे, म्हणजे वेशभूषा, रात्रभर रंगलेल्या गप्पा, एकदाच दाखवलेली फीत, हे टिकावे म्हणून केलेलेच नसते. अशा संमेलनाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी मी जपानमधल्या ओसाका शहरात १९८१ आणि १९८३ साली झालेली ‘दाइकॉन ३’ आणि ‘दाइकॉन ४’ ही संमेलने घेतली आहेत.

हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की या संमेलनांमागच्या काही विद्यार्थ्यांनी डिसेंबर १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ ही चित्रपटनिर्मिती कंपनी स्थापन केली आणि त्यांच्यातल्या हिदेआकी आन्नो यांनी १९९५ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ही मालिका दिग्दर्शित केली. पुढे मिळालेल्या या कीर्तीमुळे दाइकॉनबद्दलची साधने इतर कोणत्याही विद्यार्थी-संमेलनापेक्षा जास्त टिकली. पण त्याच कीर्तीमुळे दाइकॉनचा इतिहास बहुतेक वेळा उलटा सांगितला जातो, म्हणजे कंपनीपासून मागे सरकत संमेलनापर्यंत. १९८१ च्या उन्हाळ्यात खुर्च्या मांडणाऱ्या मुलांना आपण कंपनी काढणार आहोत हे ठाऊक नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्या त्या न ठाऊक असण्यापाशी उभे राहून लिहायला हवे, आणि पुढे सांगितलेल्या सगळ्या कृती त्यासाठीच आहेत.

आधी नाव आणि क्रमांक सोडवून घ्यावेत

पहिल्या दिवशीच एक साधा तक्ता करावा : कोणते संमेलन, कितवे, कोणत्या शहरात, कोणत्या तारखांना, कोणत्या सभागृहात आणि कोणी भरवले. हे काम क्षुल्लक वाटते, पण याच ठिकाणी सर्वाधिक चुका होतात.

दाइकॉन हे स्वतंत्र संमेलन नाही. जपानमध्ये १९६२ पासून दरवर्षी राष्ट्रीय विज्ञानकथा संमेलन भरते. ते एका शहरात स्थिर नसते, आणि ज्या गावचे चाहते ते अंगावर घेतात त्या गावावरून त्या वर्षीचे टोपणनाव पडते. पहिले संमेलन तोक्योच्या मेगुरो भागात झाले, म्हणून ते ‘मेगकॉन’ (‘कॉन’ म्हणजे कन्व्हेन्शन, संमेलन). ओसाका या नावातले पहिले चिन्ह ‘मोठा’ या अर्थाचे असून त्याचा दुसरा उच्चार ‘दाइ’ असा होतो, म्हणून ओसाकातल्या संमेलनाला ‘दाइकॉन’ म्हणतात. राष्ट्रीय क्रमाने तिसरे संमेलन १९६४ मध्ये ओसाकात झाले, तो पहिला दाइकॉन. दहावे १९७१ मध्ये, तो दुसरा. विसावे २२ आणि २३ ऑगस्ट १९८१ रोजी, तो तिसरा. आणि बाविसावे २० आणि २१ ऑगस्ट १९८३ रोजी, तो चौथा. म्हणजे ‘दाइकॉन ३’ मधला तीन हा आकडा त्याच मुलांचे तिसरे वर्ष दाखवत नाही. पहिला दाइकॉन झाला तेव्हा हिदेआकी आन्नो चार वर्षांचे होते. एवढा एक तक्ता आधी केला असता तर ‘विद्यार्थ्यांनी सलग चार दाइकॉन भरवले’ यासारखी विधाने करण्याची वेळच येत नाही.

तक्त्यात आणखी एक रकाना ठेवावा, तो म्हणजे त्या संमेलनाच्या आधी काय होते याचा. जपानी विज्ञानकथेच्या चाहत्यांची चळवळ विद्यार्थ्यांनी सुरू केलेली नाही. ताकुमी शिबानो यांनी १९५७ मध्ये ‘उचूजिन’ हे चाहत्यांचे नियतकालिक काढले आणि १९६२ च्या पहिल्या संमेलनामागेही तेच होते. ओसाकातल्या मुलांना उभी परंपरा, तिचे नियम आणि तिचे वडीलधारे हे सगळे आयते मिळाले, आणि त्यांच्या धिटाईचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते.

हिशेब आधी, गाजलेली गोष्ट नंतर

साधने गोळा करताना क्रम ठरवून घ्यावा. माझ्या मते स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, प्रवेशिका, स्वयंसेवकांच्या याद्या आणि जमाखर्च यांना पहिला मान द्यावा. छायाचित्रे आणि फिती त्यानंतर. आणि आठवणी सर्वांत शेवटी वाचाव्यात. आठवणी कमी मोलाच्या आहेत असे नाही. पण त्या आधी वाचल्या की मनात एक कथा तयार होते आणि मग कागदांतूनही आपण तीच कथा शोधत राहतो.

उपस्थितीचा आकडा लिहिताना तो कशाचा आहे हे पाहावे. नोंदणी केलेले, प्रत्यक्ष आलेले आणि दोन्ही दिवसांची बेरीज धरून मोजलेले असे तीन वेगळे आकडे एकाच संमेलनाचे असू शकतात. दाइकॉन ३ ला सुमारे १,५०० आणि दाइकॉन ४ ला सुमारे ४,००० माणसे आली असे सांगितले जाते. दोन वर्षांत एवढी वाढ झाली, तर सभागृह बदलले का, स्वयंसेवक किती लागले, पैसे कुठून आले, हे प्रश्न आपोआप उभे राहतात आणि त्यांची उत्तरे हिशेबातच सापडतात. दाइकॉन ३ मोरिनोमिया भागातल्या सभागृहात झाले आणि दाइकॉन ४ साठी निवृत्तिवेतन कल्याण संस्थेचे मोठे सभागृह घेतले गेले, एवढ्या एका बदलातही पुष्कळ इतिहास आहे.

जमाखर्चाने दुसरीही एक वाट दिसते. दाइकॉन ३ च्या प्रारंभासाठी केलेल्या फितीच्या प्रती नंतर विकल्या गेल्या आणि निर्मितीचा खर्च त्यातून भरून काढला गेला. संमेलनात चाहत्यांसाठीच्या वस्तूंना किती मागणी असते हेही या मुलांनी प्रत्यक्ष पाहिले होते, आणि १९८२ च्या फेब्रुवारीत तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा या दाइकॉनच्या आयोजकांनी ओसाकात ‘जनरल प्रॉडक्ट्स’ हे दुकान उघडले. पुढे याच दुकानाने हाताने जुळवायच्या प्रतिकृतींचा ‘वंडर फेस्टिव्हल’ सुरू केला. संमेलन, दुकान आणि कंपनी यांना जोडणारा दुवा कलेइतकाच पैशाचाही आहे, आणि तो न सांगणारा इतिहास अपुरा राहतो.

फीत पुरावा म्हणून कशी वाचावी

आता त्या गाजलेल्या फितीकडे यावे. दाइकॉन ३ ची सुरुवात सुमारे पाच मिनिटांच्या, ८ मिलिमीटरवर चित्रित केलेल्या ॲनिमेशनने झाली. शाळेचे दप्तर पाठीला लावलेली एक लहान मुलगी हातातला पाण्याचा पेला सांभाळत, वाटेतल्या राक्षसांशी आणि यंत्रमानवांशी लढत जाते आणि शेवटी ते पाणी एका मुळ्याला घालते. मुळ्याचे अंतराळयान होते. जपानीत मुळ्याला ‘दाइकोन’ म्हणतात, त्यामुळे सगळी फीत संमेलनाच्या नावावरच्या एका श्लेषावर उभी आहे. हा श्लेष न समजता फितीचे वर्णन केले तर ते नुसते विचित्र वाटते, म्हणून वाचकाला तो आधी सांगावा.

फितीचे कथानक सांगून थांबू नये. ती कशी तयार झाली तिथे वेळ द्यावा. आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई हे तिघे ओसाका कला विद्यापीठाचे विद्यार्थी होते. आन्नो यांनी कागदावर ॲनिमेशन केले होते, पण सेलवर, म्हणजे चित्रे रंगवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर, काम करण्याचा अनुभव नव्हता. तयार सेल परवडत नव्हते, म्हणून त्यांनी नमुन्यासाठी एक सेल विकत घेतला, त्यासारखे प्लास्टिक कारखान्यातून गुंडाळीने आणले आणि ते स्वतः कापून घेतले. रंगवलेले तुकडे एकमेकांवर ठेवले की चिकटत आणि वाळलेला रंग सुटून येत असे. चित्रांचे कागद एकाच जागी बसावेत म्हणून लागणारी भोकेही त्यांनी हातानेच पाडली. काम ओकादा यांच्या घरातल्या एका खोलीत चालले. मला या तपशिलांचे मोल कथानकापेक्षा जास्त वाटते. फितीत रंग कुठे हलतो, रेषा कुठे थरथरते हे पाहिले की कच्च्या साधनांनी काम करणारे हात दिसू लागतात, आणि हा पुरावा कोणाच्याही स्मरणावर अवलंबून नाही.

दोन वर्षांनंतरची दाइकॉन ४ ची फीत याच रीतीने तिच्याशेजारी ठेवून पाहावी. मुलगी मोठी झाली आहे आणि तलवारीवर उभी राहून आकाशातून जाते आहे. हालचालीतली सफाई इतकी वाढलेली आहे की मध्ये काय घडले हे विचारावेच लागते. उत्तर असे की मधल्या काळात आन्नो आणि यामागा यांनी तोक्योला जाऊन ‘माक्रोस’ या दूरचित्रवाणी मालिकेवर व्यावसायिक काम केले होते, आणि योशियुकी सादामोतो व माहिरो माएदा यांच्यासारखे नवे सहकारी आले होते. म्हणजे दाइकॉन ४ ला ‘हौशी विद्यार्थ्यांची निर्मिती’ म्हणताना तो शब्द तपासून वापरायला हवा.

याच फितीला इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश बँडचे ‘ट्वायलाइट’ हे गाणे परवानगीशिवाय जोडलेले आहे आणि तिच्यात इतरांच्या मालकीची असंख्य पात्रेही येऊन जातात. संमेलनात एकदा दाखवण्यासाठी केलेल्या गोष्टीत हे चालून गेले, पण सर्वसाधारण विक्रीच्या आड तेच आले. इतिहास लिहिणाऱ्यासाठी यातला व्यवहार सरळ आहे : अशा सामग्रीचे वर्णन करावे, ती कुठे पाहता येईल ते नोंदवावे, आणि हक्क कोणाचे आहेत हे पाहिल्याशिवाय ती आपल्या लेखनाबरोबर पुन्हा प्रसिद्ध करू नये.

आठवणी घेताना

माणसांना भेटायला जाताना हातात वस्तू असावी. ‘तेव्हा कसे वाटत होते?’ या प्रश्नाला आज सुचलेले उत्तर मिळते. स्मरणिकेतले पान किंवा गर्दीचे छायाचित्र पुढे ठेवून ‘हा दरवाजा कोण सांभाळत होते?’ असे विचारले तर त्या दिवसाचे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. जे पुढे प्रसिद्ध झाले त्यांच्या मुलाखती आधीच पुष्कळ छापलेल्या असतात, म्हणून आपला वेळ सेल रंगवणाऱ्या, तिकिटे फाडणाऱ्या, पाहुण्यांना स्थानकावरून आणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ठेवावा.

छापील आठवणींबाबत त्या किती वर्षांनी लिहिल्या गेल्या हे आधी पाहावे. ताकेदा यांचे आठवणींचे पुस्तक जपानीत २००२ मध्ये आले, म्हणजे दाइकॉन ३ नंतर २१ वर्षांनी, आणि कंपनीचे बरेवाईट दिवस पाहून झाल्यावर. ते अत्यंत उपयोगी आहे, पण त्यातला एखादा संवाद जसाच्या तसा घडला असे धरून चालू नये. प्रसिद्ध जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी दाइकॉन ३ ची फीत पाहिल्यावर, तिच्यात इतकी पात्रे असताना आपली पात्रे नाहीत असे सूचित केले, ही हकिकत आयोजकांनी सांगितलेली आहे. ती घ्यावी, पण ‘आयोजकांच्या आठवणीनुसार’ हे दोन शब्द जोडूनच.

तुलनेसाठी दुसरे संमेलन

एकाच संमेलनात बुडून गेले की त्याच्या सवयी सार्वत्रिक वाटू लागतात, म्हणून शेजारी दुसरे एक ठेवावे. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ‘सेफिड व्हेरिएबल’ या विद्यार्थी संघटनेने १९६९ मध्ये ‘ॲगीकॉन’ सुरू केले. दाइकॉनची मुले दोन संमेलने करून पुढे गेली. ॲगीकॉन मात्र एकाच विद्यापीठात मुलांच्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले. त्याच विद्यापीठाच्या कशिंग ग्रंथालयात विज्ञानकथेचा मोठा संग्रह आहे, आणि कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची हस्तलिखितेही तिथेच ठेवलेली आहेत. एकीकडे व्यक्तींची पुढची कीर्ती आणि दुसरीकडे विद्यापीठाची चौकट अशा दोन कारणांनी दोन संमेलनांच्या खुणा टिकल्या. ज्या संमेलनाला यांतले काहीच लाभलेले नाही, त्याचे कागद शोधण्यासाठी जुन्या कार्यकारिणीच्या यादीतला एकेक पत्ता गाठावा लागतो.

कुठे थांबावे

इतिहासाची शेवटची तारीख लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच ठरवावी. मी दाइकॉनचा इतिहास लिहिला तर तो २१ ऑगस्ट १९८३ च्या संध्याकाळी सभागृह रिकामे करण्यापाशी थांबवीन, आणि गायनॅक्सला परिशिष्टात एक पान देईन. त्याच परिशिष्टात स्वयंसेवकांची सापडलेली सगळी नावे, त्यांच्या संमतीने, कामासह द्यावीत; ज्यांचे काम कळले पण नाव कळले नाही त्यांच्यासाठी ओळ कोरी सोडावी, आणि छापून झाल्यावर एक प्रत त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी, म्हणजे ती ओळ भरू शकणाऱ्याच्या हाती ती कधीतरी पडेल.