गडभ्रमंतीची आठवण इतर भटक्यांसाठी कशी लिहावी

हरिश्चंद्रगडाहून परतल्यावर अनुभव लिहायला बसाल, तेव्हा कोणत्या वाटेने चढलात हे पहिल्याच ओळीत सांगावे. कारण पाचनईची वाट सोपी, तोलार खिंडीतून येणारी खिरेश्वरची वाट लांबची आणि नळीची वाट तर अनुभवी गिर्यारोहकांनीच धरावी अशी आहे. महिना, निघण्याची वेळ आणि पिण्याचे पाणी कोठे मिळाले, हेही नोंदवावे. पावसानंतर भरलेले दिसणारे टाके मे महिन्यात तसेच असेल असे नाही.

कोकणकड्याचे छायाचित्र सगळेच टाकतात. त्यापेक्षा केदारेश्वराच्या गुहेतील थंडगार पाण्यात उतरताना पायांना काय जाणवले आणि चार खांबांपैकी उरलेला एकच खांब पाहून मनात काय आले, ते सविस्तर लिहावे. वाचणाऱ्याला सोबत नेणारा मजकूर तोच असतो, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्रातील सोबत्यांची परवानगी आधी घ्यावी. ज्यांच्या घरी पिठले-भाकरी खाल्ली, त्यांचा फोन क्रमांक त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. वाट चुकला असाल, तर कोणत्या वळणावर चुकलात तेही लपवू नये. मागून येणारा तेथे थांबून नीट पाहील.