सायकलचा मिस्त्री शोधून राहिले? या चुका टाळा

भाचीला सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली, त्याच सायकलवर ती रोज शाळेत जाते, आणि दिवाळीच्या आसपास एकाच आठवड्यात तिचं मागचं चाक तीनदा बसलं. तिन्ही वेळा फाट्यावरच्या दुकानात नेली, काऊन तर जवळ पडते. तिथं ट्यूब काढली, पॅच मारला, हवा भरली, पाच मिनिटात मोकळे. चौथ्यांदा मी बाजाराच्या गावी नेली, बसस्टँडच्या मागं कडुलिंबाखाली एक म्हातारे काका बसतात त्यांच्याकडे, तर त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि आधी टायरच्या आतून बोट फिरवलं, हळूहळू, पूर्ण गोल. मग पकडीनं बाभळीच्या काट्याचं टोक ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं, तांदळाच्या कणीएवढं. म्हणाले, "काटा आतच हाय ना बाप्पा, पॅच कितीबी मारा."

म्हणजे पहिली चूक ही की जवळ आहे, स्वस्त आहे म्हणून दुकान धरणं. मिस्त्री कारण शोधते का तेवढं पहा. ट्यूबला छेद रिमच्या बाजूनं असला तर तो काट्याचा नाही, रिमवरची पट्टी सरकून स्पोकचं टोक टोचून राहिलं आहे. शेजारी शेजारी दोन छेद असले तर हवा कमी होती आणि चाक गोट्यावर आपटलं. चांगला माणूस हे छेद पाहूनच सांगते. तसंच सोल्युशन लावल्यावर दोन-तीन मिनिट वाळू देते का तेही पहा, ओल्यावरच पॅच चिपकवला तर आपल्या इकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो सुटलाच समजा.

प्रत्येक गोष्टीला हातोडी उचलणाऱ्याकडे सायकल सोडून जाऊ नका. डाव्या पायडलचे आटे उलटे राहतात, हे न पाहता जोर लावला की क्रँकचेच, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसते त्याचेच, आटे जातात, मग पायडल फिट बसतच नाही आणि पोरगी रस्त्यात पायदळ.

चेन उतरते म्हटलं की बरेच जण सरळ नवी चेन टाकून देतात, इथं पैसे वाया जातात. आधी मोजायला सांगा. एका पिनच्या मधापासून पट्टी लावली तर चांगल्या चेनची 25 वी पिन (पहिली तीच धरून) बरोबर 12 इंचावर येते, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढं गेली तर चेन ताणली. खूप दिवस तशीच चालवली असली तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चाकीचे, दातही खाल्ले जातात आणि नवी चेन त्याच्यावर घसरते, तेव्हा दोन्ही सोबतच बदला. आणि गाडीचं जळकं ऑईल चेनवर अजिबात ओतू देऊ नका, शेतरस्त्यावरची काळी माती त्याच्यात बसते आणि चेन लवकर झिजते.

गिअरची सायकल असली तर आधी विचारा, गिअर सेट करता का? चेन मोठ्या चाकीवरून स्पोकात पडत असली तर मागच्या गिअरवरचा एल लिहिलेला स्क्रू थोडा आवळावा लागते, ज्याला तो स्क्रू कोणता तेच माहीत नाही त्याच्याकडे गिअरची सायकल नका नेऊ, साध्या सायकलीत तो कितीही चांगला असो.

पार्ट बदलला तर जुना मागून घ्या, म्हणजे खरंच बदलला का ते कळते. लाजायचं काही काम नाही.

आणि वेळ. बाजाराच्या दिवशी नेली तर त्याच्यापुढं दहा सायकली उभ्या राहतात, तो तुमची कशी पाहील? आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हा सगळे एकदमच येतात. मे महिन्यात सकाळी सकाळी नेऊन टाका, तेव्हा काका रिकामे राहतात, हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलून छर्रे रॉकेल-डिझेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरायला त्यांना टाईम राहते.