नाताळपर्यंत रोज एक काडी: आगमनकाळातले छोटे नेम कसे धरायचे

आधी कॅलेंडर काढा आणि पंचवीस डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजा. चौथा जो येतो तिथून आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे दिवस, सुरू. तो रविवार कायम २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर याच आठवड्यात पडतो. २०२६ ला तो २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २४ तारखेच्या रात्रीपर्यंत २६ दिवस हातात. २०२७ ला २७ दिवस मिळतील आणि २०२८ ला नाताळ सोमवारी आल्यामुळे फक्त २२. हे आधी मोजायचं कारण म्हणजे आपल्याला तेवढ्याच चिठ्ठ्या करायच्यात.

आमच्या घरी, वसईत, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात या चिठ्ठ्या असतात. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की एकाने एक चिठ्ठी काढायची, त्यात जे लिहिलंय ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या परीने करायचं, बस. चॅलेंज म्हणा हवं तर, मुलं तेच म्हणतात, पण मला नेम हा शब्द जास्त आवडतो. आमच्या शेजारच्या काकू चातुर्मासात नेम धरतात, कांदा-लसूण सोडतात, रोज एक अध्याय वाचतात, त्यात कोणाला दाखवायचं नसतं आणि जिंकायचंही नसतं, ठरलेल्या दिवसापर्यंत पाळायचं असतं. आगमनकाळाचं तसंच आहे, येणाऱ्यासाठी घर आवरून ठेवायचे दिवस. त्यामुळे तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी हे करता येईल, प्रार्थनेच्या जागी पाच मिनिटं शांत बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चिठ्ठी लिहायची कशी, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. "रागावर ताबा ठेवीन", "आरोग्याकडे लक्ष देईन", "देवाच्या जवळ जाईन" असं काही लिहू नका, ते कितीही मनापासून असलं तरी रात्री झोपताना केलं की नाही हे सांगता येत नाही. असं लिहा: "उद्या कामावरून घरी शिरताना फोन बॅगेतच ठेवायचा, जेवणं होईपर्यंत काढायचा नाही." किंवा "उद्या सकाळी आईच्या औषधांचा डबा मी भरायचा, तिला शोधाशोध करू द्यायची नाही." बघा, यात वेळ आहे, माणूस आहे, वस्तू आहे, आणि रात्री विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. दुसरं, पंधरा मिनिटांच्या वर जाईल असं काही नको. डिसेंबरमध्ये घराची रंगरंगोटी, गायन मंडळाच्या प्रॅक्टिसा, फराळ, मुलांच्या परीक्षा, त्यात विरार लोकलमधून उभ्याने येणारं माणूस रोज तासभर कुठून काढणार? तिसरं, निम्म्या तरी चिठ्ठ्यांचा फायदा दुसऱ्या कोणाला तरी व्हायला हवा. नुसतं स्वतःचं वजन, स्वतःची झोप, स्वतःचं वाचन असं सगळं झालं तर आठवड्यात कंटाळा येतो, मी दोन वर्षं करून बघितलंय.

आणि २६ दिवस असतील तर चिठ्ठ्या २२ च लिहा, चार कोऱ्या ठेवा. कोरी निघाली की त्या दिवशी सुट्टी. एखादा नेम राहून गेला तर तो दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही, सोडून द्यायचा, पुढची चिठ्ठी काढायची. हे मी जरा जोर देऊन सांगतेय कारण एक दिवस चुकला म्हणून डबाच कपाटात गेलेली घरं मी पाहिलीत.

मोजायला अॅप वगैरे नको, काडी ठेवा. ही जुनी पद्धत आहे आणि मला तरी यापेक्षा चांगली माहीत नाही. येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा नाताळला सजवायचा असतोच, त्यातली गव्हाण पहिल्या रविवारी रिकामी मांडायची, आणि ज्याने त्या दिवशीचा नेम पाळला त्याने झोपायच्या आधी त्यात पेंढ्याची एक काडी टाकायची, कशाबद्दल ते कोणाला सांगायचं नाही. बाळ येशूचं अंथरूण असं रोज थोडं थोडं तयार होतं. आमच्याकडे भाताची कापणी होऊन गेलेली असते त्यामुळे पेंढा सहज मिळतो, तो एक दिवस उन्हात चांगला झटकून ठेवा, किडे असतात, मग वीतभर लांबीचे तुकडे करून बाजूला एका वाटीत ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सुतळी घ्या, तिचे पीळ सोडवून कापली की अगदी पेंढ्यासारखी दिसते. चार माणसांच्या घरात २२ दिवसांच्या जास्तीत जास्त ८८ काड्या होतात, तेवढ्यात लहान गव्हाण छान भरते. माझा धाकटा पहिल्या वर्षी रोज रात्री गव्हाणीत बोट घालून बघायचा, टोचतंय का अजून. एकदा त्याने काडी उचलली आणि परत वाटीत ठेवली, काही न बोलता झोपायला गेला. मी विचारलं नाही.

दिवस मोजत नाताळची वाट बघणं हे तसं मुलांसाठीच सुरू झालेलं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिच विचर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून १८३९ साली त्यांनी बैलगाडीच्या चाकासारख्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची लहान लाल आणि रविवारची मोठी पांढरी, रोज एक पेटवायची. त्याचंच पुढे चार मेणबत्त्यांचं कडं झालं, आपल्या चर्चमध्ये असतं ते, तीन जांभळ्या, एक गुलाबी. त्या चार मेणबत्त्यांचे अर्थ बऱ्याच ठिकाणी आशा, शांती, आनंद, प्रेम असे सांगतात आणि मी चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे त्यावरूनच करते, म्हणजे डब्यात एका वेळी एकाच आठवड्याच्या चिठ्ठ्या.

पहिला आठवडा आशेचा, तो सोपा ठेवा, सवय लागायला. सकाळी उठल्यावर फोनच्या आधी खिडकी उघडायची. पाण्याची बाटली भरून न्यायची. रात्री साडेदहाला दिवा बंद. १ डिसेंबरपासून वाचनाचा एक कायमचा नेमही धरता येतो, तो चिठ्ठीत नाही, वेगळा: बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बरोबर २४ अध्याय आहेत, रोज एक वाचला की २४ डिसेंबरला संपतं. फक्त पहिल्याच दिवशी दमू नका, पहिला अध्याय ८० ओव्यांचा आहे, तो दोन बैठकीत वाचा. जन्माची गोष्ट दुसऱ्याच दिवशी येऊन जाते, मुलं विचारतात मग पुढे काय वाचायचं, आणि पुढेच तर सगळं आहे, उधळ्या मुलाची गोष्ट, येशूला बघायला जक्कय झाडावर चढतो ते, आणि शेवटच्या दिवशी एम्माउस गावाच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य, ज्यांना पुन्हा उठलेला येशू भेटतो.

दुसऱ्या आठवड्यावर मात्र वेळ घालवा. शांतीचा आठवडा म्हणजे ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याशी बोलायचा आठवडा, आणि हा नेम प्रत्येक डब्यात एक तरी असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं वाडीतल्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं होतं, तीन वर्षं आम्ही एका अंगणात राहून एकमेकींकडे बघत नव्हतो. चिठ्ठी मीच लिहिली होती, "तिच्याशी बोल", आणि निघाल्यावर दोनदा परत डब्यात टाकली. मग लक्षात आलं की चिठ्ठीच चुकीची लिहिलीय. बोल म्हणजे काय बोल? माफी मागायला गेले असते तर कोणाचं चुकलं इथूनच परत सुरुवात झाली असती. म्हणून ती फाडली आणि नवीन लिहिली: "कुलकुल वळायला तिला बोलाव." कुलकुल म्हणजे आमचा नाताळचा मैद्याचा फराळ, तिचा हात त्यात आमच्या सगळ्यांपेक्षा बरा आहे, हे खोटं नव्हतं. दारात जाऊन म्हटलं, "किलोभर मैदा भिजवलाय गं, माझ्या एकटीच्याने होणार नाही, येशील का?" ती काही बोलली नाही, पदराला हात पुसले आणि आली. दोघी जेवायच्या काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबायची, अंगठ्याने गुंडाळायची, परातीत टाकायची, असं दोन तास बसलो. पाण्याचा विषय निघाला नाही. मधेच ती म्हणाली, "तू फार जाड वळतेस, आतून कच्चे राहतील," तेवढंच. पाण्याची पाळी अजून पूर्ण सुटलेली नाही, पण आता निदान सांगता येतं, आज तुझी की माझी.

म्हणून सांगते, अबोला सोडायचा असेल तर द्यायला जाऊ नका, मागायला जा. एखादी वस्तू, एखादी रेसिपी, तासभर मदत. मागितलं की समोरच्याला मान मिळतो आणि त्याला नाही म्हणायचीही मोकळीक राहते. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज तर अजिबात नको, तो चार जणांना दाखवला जातो. बाहेरगावी असाल, दुबईला, लंडनला, तर सरळ फोन लावा आणि एकच गोष्ट विचारा, यंदा गोठा कुठे मांडताय. आणि जिथे मारहाण, फसवणूक असं काही झालंय तिथे हा नेम धरू नका, तो चिठ्ठीने सुटायचा विषय नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुलाबी मेणबत्ती, आनंदाची. यात पैशांचे नेम घाला, कारण खरेदी तेव्हाच अंगावर येते. एक दिवस घरात असलेल्यातच स्वयंपाक. नवीन कपडे आणायच्या आधी कपाटातले तीन चांगले, फाटलेले नव्हे, धुऊन इस्त्री करून द्यायचे. घरकामाला येणाऱ्या ताईंचे पैसे आणि नाताळची भेट २४ ची वाट न बघता आधीच हातात द्यायची, त्यांनाही बाजार करायचा असतो. एखाद्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यांच्याकडे कंदिलाचा तारा मुलांनी बांधून यायचं.

चौथा आठवडा २०२६ ला फक्त पाचच दिवसांचा आहे, २० ते २४, त्यात नवीन काही घालू नका. कुमसार, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली, राहिलं असेल तर ते. मीठ-तिखटाच्या डब्यांसारखं लहानसं काही आवरून घरातल्या कोणाचं तरी काम गुपचूप करून ठेवायचं. आणि एक चिठ्ठी अशी, की आज दहा मिनिटं नुसतं गोठ्यासमोर बसायचं, हातात काही न घेता.

२४ च्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायच्या आधी की परत आल्यावर, जशी तुमची पद्धत असेल तसं, घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातून बाळ येशूला गव्हाणीत ठेवा. काड्या कमी असल्या तर त्या वेळी कोणी वाटीतल्या ओतून भरू नका, जेवढ्या आहेत तेवढ्यावरच ठेवा. जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण झाला, गोठा उचलला, की तो पेंढा फेकू नका, माझ्या सासूबाई तो अळूच्या बुडाशी घालायच्या, मी मोगऱ्याच्या कुंडीत घालते. सुतळी वापरली असेल तर ती पण चालते, फक्त प्लास्टिकची नसावी.