या चुका टाळा : स्मरणिका, अहवाल आणि पत्रिका छापताना वाया जाणारा कागद

संस्थेची स्मरणिका असो, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असो की घरच्या लग्नाची पत्रिका, छपाईचं काम निघालं की ‘पर्यावरणपूरक करू या’ असं आता बरेच जण म्हणतात आणि मनापासून म्हणतात. त्यानंतर लगेच प्रश्न येतो, ‘रिसायकल्ड कागद मिळेल का?’ प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आधी विचारायचे तीन-चार प्रश्न राहून जातात. आकार कोणता, प्रती किती, प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) कोणी वाचलं, कव्हरवर काय चढवलं, यांवर किती कागद रद्दीत जाणार ते ठरतं. आणि हे सगळं मशीन सुरू होण्याआधी, छपाई करून घेणाऱ्याच्या टेबलावर ठरतं. म्हणून खालच्या चुका छापखान्यापेक्षा आपल्या आहेत, आणि टाळणंही आपल्याच हातात आहे.

कागद न विचारता आकार ठरवणं

डिझाइन करणारा संगणकावर फाइल उघडतो आणि ए-फोर आकार घेतो, कारण तो समोर तयार असतो. आपल्याकडे ऑफसेटचा, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईचा, कागद मात्र बहुतेक वेळा २३ × ३६ इंचाचा असतो. त्या कागदावर ए-फोरची उभी चार पानं रुंदीत बसतात, पण उंचीत दोन बसत नाहीत, कारण ए-फोरची उंची ११.७ इंच आणि दोन पानांना लागतात २३.४ इंच. मग पानं आडवी लावावी लागतात आणि एका शीटमधून आठऐवजी सहाच निघतात. हिशेब केला तर जवळपास ३० टक्के कागद कटिंगमध्ये जातो. तोच अंक साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे डेमी (२३ × ३६ च्या निम्मा कागद) एक-चतुर्थांश केला, तर आठ पानं बसतात आणि वाया जाणारा भाग १० टक्क्यांच्या आसपास येतो. वाचणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. ए-फोरच हवा असेल तर २५ × ३६ चा कागद मागावा, त्यात आठ पानं नीट बसतात. पुस्तकासाठी डेमी अष्टमांश हा आपला जुना आकार याच हिशेबातून आलेला आहे. त्याला अर्ध्या इंचाने ‘वेगळा लुक’ देण्याआधी छापखान्यात एक फोन करा.

पानांची संख्याही तशीच. फॉर्म, म्हणजे मशीनवर एकत्र छापला जाणारा पानांचा गट, १६ पानांचा. मजकूर ९८ पानांवर गेला तर त्या दोन पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळं सेटिंग आणि सेटिंगसाठी फुकट जाणारी शीट्स. दोन पानं कमी करणं संपादकाला अर्ध्या तासाचं काम आहे.

‘हजारच छापा, पाचशेलाही जवळजवळ तेवढेच पडतात’

हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं आहे आणि पैशांपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. प्लेट, सेटिंग, कव्हरचं डिझाइन हा खर्च प्रतींवर अवलंबून नसतो. पण कागद प्रतींवरच अवलंबून असतो. १६० पानांचं डेमी पुस्तक, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, हजार प्रती धरल्या तर आतल्या पानांनाच १० रिम (एक रिम ५०० शीट्सचं), म्हणजे सुमारे १८७ किलो कागद लागतो. त्यातल्या ३०० प्रती वाटल्याच गेल्या नाहीत तर ५६ किलो कागद कपाटात बसतो आणि पाच वर्षांनी कार्यालय बदलताना रद्दीवाल्याकडे जातो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. कोणीही न वाचलेल्या पुस्तकाचा कागद कितीही ‘हिरवा’ असला तरी तो वायाच गेलेला असतो.

आधी यादी करा. सभासद किती, त्यांतल्या किती घरांत एकाहून अधिक सभासद आहेत, किती जणांना पीडीएफ चालेल, हे विचारून मग आकडा सांगा. दोन-तीनशे प्रतींच्या आत काम असेल तर डिजिटल छपाईचा दर जरूर काढा. तिथे प्लेट नसते, रंग जुळेपर्यंत शीट्स फेकावी लागत नाहीत आणि पुढच्या महिन्यात आणखी ५० प्रती लागल्या तर तेवढ्याच काढता येतात.

मोबाइलवर प्रूफ वाचून ‘ओके’ कळवणं

अख्खा फॉर्म पुन्हा छापावा लागण्याएवढी नासाडी दुसऱ्या कशानेच होत नाही, आणि मराठी छपाईत ही वेळ इंग्रजीपेक्षा लवकर येते. जुना मजकूर श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो, नवा युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत येतो, आणि एकातून दुसऱ्यात नेताना अक्षरं सांडतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हमखास बिघडतो, रफार एक घर पुढे किंवा मागे सरकतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर हा पर्याय निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. छोट्या स्क्रीनवर यातलं निम्मं दिसत नाही.

उपाय साधे आहेत. रूपांतर झाल्यावर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘र्य’, ‘र्व’, ‘ॲ’, ‘ऑ’ एवढे तरी शोधून पाहा. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड झालेत (फाइलमध्येच सामावलेत) का ते तपासा. शेवटचं प्रूफ कागदावर काढा. त्या ५०-६० कागदांपायी हजारो वाचतात. मजकूर ज्याने लिहिला त्याच्याखेरीज आणखी एकाने तो वाचावा. देणगीदार आणि जाहिरातदारांची नावं सगळ्या अंकभर विखुरू नका, एकाच फॉर्ममध्ये घ्या आणि तो शेवटी मशीनवर चढवा, कारण दुरुस्त्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच येतात. आणि तरीही चूक राहिलीच, तर पुनर्मुद्रणाचा हट्ट न धरता शुद्धिपत्राची चिठ्ठी लावा. आपल्या जुन्या ग्रंथांत ती सन्मानाने असायची.

आणखी एक तपासणी डिझाइन करणाऱ्याने करावी. वर्डमधून आलेला काळा मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कित्येकदा चार रंगांचा (छपाईतले निळा, किरमिजी, पिवळा, काळा मिळून) काळा होतो. मशीनवर रंग केसभर सरकले की प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली दिसते, आणि ती घालवण्यासाठी ऑपरेटर शीटमागून शीट बाजूला टाकत राहतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के काळा हवा. ॲक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग सुटे करून पाहिलं की मिनिटात कळतं.

रिसायकल्ड कागद घेतला आणि फोटो मळके आले

अनेक संस्था इथे एकदा पोळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा चकचकीत आर्ट पेपरवर जातात. कागद वाईट नसतो, फाइल त्याच्यासाठी तयार केलेली नसते. कोटिंग नसलेला कागद शाई पितो, ठिपका पसरतो आणि फोटो अंधारतो. फोटो अनकोटेड (कोटिंग नसलेल्या कागदाच्या) रंग-प्रोफाइलमध्ये बदला, मधल्या छटा थोड्या उजळ करा आणि चारही रंगांची बेरीज २६० ते २८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पानभर गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाळा. जोडाक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा शाईने बुजतात.

शाई वाळत नाही आणि एका शीटची छाप दुसऱ्याच्या पाठीवर उठते, ही तक्रारही याच कागदावर जास्त येते. एक दिवस जादा द्या, थप्पी उंच रचू नका. ओल असलेल्या हवेत कागद फुगतो आणि रंग जुळत नाहीत, म्हणून गणपती ते दिवाळीच्या दिवसांत रिमचं वेष्टन छपाईच्या वेळेपर्यंत फोडू नये.

शिवाय रिसायकल्ड हाच एक पर्याय नाही. कागदाचा धागा साधारण पाच ते सात वेळाच पुन्हा वापरता येतो, मग तो आखूड होऊन निकामी होतो. उसाच्या चिपाडापासूनही छपाईचा चांगला कागद होतो. तमिळनाडूत करूर जिल्ह्यातली टीएनपीएल ही कंपनी तो कित्येक दशकं बनवते आहे. पत्रिकेसाठी हातकागद सुंदर दिसतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, आणि या कागदाला झाड नव्हे, सुती कापडाच्या चिंध्या लागतात. त्यावर स्क्रीन प्रिंटिंग खुलून दिसतं.

पत्रिकेवर प्लास्टिक चढवणं

साध्या कागदाची पत्रिका रद्दीतून पुन्हा लगद्यात जाते. त्यावर लॅमिनेशनची फिल्म, सोनेरी फॉइल आणि मखमली कापड आलं की कागदाच्या गिरणीत ती बाजूला निघते. चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित वॉर्निश घ्या. पातळ अहवालाला परफेक्ट बाइंडिंगऐवजी (पाठ गोंदाने चिकटवण्याऐवजी) पिन मारा, कारण बाइंडिंगचा गरम गोंदही लगद्यात त्रास देतो. निमंत्रणपत्रिकेभोवती प्लास्टिकची फिल्म गुंडाळण्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे अनेक दुकानदारांना सांगावं लागतं.

त्याच नियमात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही बंद झाले. जाड फ्लेक्स त्यातून सुटतो, पण तो जाळला तर पीव्हीसीमधून विषारी धूर निघतो, ही गोष्ट जाडीने बदलत नाही. दरवर्षीच्या कार्यक्रमाचा बॅनर कापडावर करा आणि त्यावर साल छापू नका. साल आणि तारखेची वेगळी पट्टी लावली की तोच बॅनर अनेक वर्षं चालतो.

‘एफएससी’चा लोगो आणि ‘सोया’ची शाई

एफएससी (फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल) ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था जंगलांच्या जबाबदार वापराचे निकष ठरवते आणि त्यांनुसार स्वतंत्र संस्था प्रमाणपत्र देतात. तसं प्रमाणपत्र असलेला कागद वापरला म्हणून लोगो आपोआप छापता येत नाही. छापखान्याकडेही साखळीचं (जंगलापासून छपाईपर्यंत कागदाचा माग ठेवल्याचं) प्रमाणपत्र असावं लागतं. इंटरनेटवरून उचलून शेवटच्या पानावर टाकलेला लोगो ही वाचकाची फसवणूक आहे. एफएससीची ‘मिक्स’ (मिश्र कच्चा माल) आणि ‘रिसायकल्ड’ ही लेबलंही वेगवेगळी आहेत.

सोया, म्हणजे सोयाबीनच्या तेलाची, शाई अमेरिकेत तेलटंचाईनंतरच्या शोधातून आली. आयोवातल्या ‘द गॅझेट’ दैनिकाने १९८७ मध्ये ती वापरली. ती कागदावरून लवकर सुटते म्हणून पुनर्वापराला बरी, पण रंगद्रव्यं आणि राळ तीच राहतात. शाईबरोबर हेही विचारा की रोलर आणि ब्लँकेट (मशीनमधला रबरी पत्रा) कशाने धुतात. रॉकेल-पेट्रोलने धुवत असतील तर तिथे काम करणारा माणूस दिवसभर ती वाफ श्वासात घेतो.

प्लेटबद्दल न विचारणं

ऑफसेटची प्लेट ॲल्युमिनियमची असते, आणि हा धातू वितळवून पुन्हा वापरला तर खनिजातून नवा काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. बहुतेक छापखाने प्लेटा भंगारात विकतात, तरी विचारून घ्या. पावतीपुस्तक, लेटरहेड, अर्जाचा नमुना असं वर्षानुवर्षं न बदलणारं काम असेल तर प्लेटला गम (ती खराब होऊ नये म्हणून डिंकाचा थर) लावून ती नावानिशी ठेवायला सांगा. पुढच्या खेपेला नवी प्लेट आणि ती धुण्याचं रसायन, दोन्ही वाचतं.